लेंटमध्ये आपली सोय सोडायची, पण किंमत कोणाच्या खिशातून?

वाटसरू_मनीषनगर (धागाकर्ता)

सर्वांना सलाम.

राखेचा बुधवार होऊन, म्हणजे ईस्टरआधीचा लेंटचा उपासकाळ सुरू होऊन, आठवडा झाला. आम्ही नागपूरचे. आमची मंडळी, म्हणजे चर्च, सदरला आणि घर मनीषनगरला. कोरोनाच्या काळात उपासना मोबाइलवर आली ती आमच्या घरातून परत गेलीच नाही. रविवारी सकाळी मी लुंगीवर, हातात चहा, पोरगी मांडीवर, आई शेजारच्या खुर्चीत. गीतं म्हणतो, संदेश ऐकतो, अर्पण यूपीआयने पाठवतो. टंगळमंगळ करत नाही, मनापासून बसतो.

गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी लूक ९:२३ घेतलं, रोज आपला वधस्तंभ उचलण्याचं वचन. शेवटी तीन गोष्टी सांगितल्या. उपासनेला प्रत्यक्ष या, बुधवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला या आणि आठवड्यातून एक दिवस उपास धरा. तेव्हापासून डोक्यात चक्र सुरू आहे.

इफिसकरांस २:८-९ आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. तारण कृपेने आहे, कर्माने नाही. मग दहा-बारा किलोमीटर गाडी हाणून लाकडी बाकावर बसल्याने देव जास्त जवळ येतो का? उपाशी राहिल्याने प्रार्थना जास्त ऐकली जाते का? आणि आराम हे पाप कधीपासून झालं? मी मिहानमध्ये नोकरी करतो, आठवडाभर स्क्रीनपुढे असतो. बायको हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, तिला नाइट असते. सगळे घरी एकत्र असतात अशी आम्हाला रविवारची सकाळच मिळते.

भांडायला आलेलो नाही. जे खरोखर काही पाळतात त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

गड्डीगोदामचा_राजा

लुंगीवर उपासना म्हणजे भाऊ, ऐश आहे तुमची. आमच्या घराची भिंत चर्चच्या कंपाउंडला लागून आहे, तरी आम्ही दुसऱ्या गीताला पोहोचतो.

सदरकाकू

बाळा, काहून एवढा विचार करून राहिला? कृपा-कर्माचं मला समजत नाही असं नाही, पण तुझ्या प्रश्नात मला एक गोष्ट दिसलीच नाही.

बुधवारच्या प्रार्थनेला आम्ही मोजक्या म्हाताऱ्या असतो. पंखा एक, तोही कुरकुरतो. गीत उचलायला आवाज नाही कोणाला. एकीचा दम, दुसरीचं गुडघ्याचं ऑपरेशन. तू आला तर आमच्यात एक तरणा आवाज वाढतो. तुझ्या घरच्या मोबाइलातून आमचा आवाज तुझ्याकडे येते, पण तुझा आमच्याकडे येत नाही ना बापा. तू विचारून राहिला की गेल्याने देव जवळ येतो का. देवाचं देव पाहून घेईल. आम्ही जवळ येतो का, ते विचार.

वाटसरू_मनीषनगर

काकू, हे पटतं. पण मग हा शिस्तीचा मुद्दा न राहता सोबतीचा झाला. पाळकसाहेब तर स्वतःला नाकारण्याबद्दल बोलत होते.

लूकवाचक

दोन्ही वेगळे का धरता? असो, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

इफिसकरांस पत्रात कृपेबद्दल लिहिणाऱ्या प्रेषित पौलानेच करिंथकरांना लिहिलं की मी आपलं शरीर कह्यात ठेवतो (१ करिंथ ९:२४-२७). करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. जिंकणाऱ्याला पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सुकलेल्या सेलरीच्या पाल्याचा मुकुट मिळे. पौलाने ज्यांना नाशवंत मुकुटाबद्दल लिहिलं, त्या वाचकांच्या डोळ्यांपुढे हा पाला होता. त्यासाठी खेळाडू महिनोनमहिने खाण्यापिण्यावर बंधन ठेवत. सराव केला म्हणून तो खेळाडू कोणाचा मुलगा ठरत नाही, तो आधीपासूनच कोणाचा तरी मुलगा असतो. कृपा आणि शिस्त यांचं नातं मला तरी असं दिसतं.

पण त्याच पौलाची दुसरी बाजू लोक वाचत नाहीत. कलस्सैकरांस २:२०-२३ काढा. "शिवू नको, चाखू नको" अशा नियमांना ज्ञानाचं नुसतं रूप असतं, देहवासना आवरायला त्यांचा उपयोग नाही, असं तो रोखठोक सांगतो. म्हणजे कष्ट घेतले की झालं अध्यात्म, हे पौलालाही मान्य नाही.

तेव्हा आराम हे पाप नाही, याला माझं अनुमोदन. मात्र आरामाने तुमच्या वतीने निर्णय घ्यायला सुरुवात केली आहे का, हे तपासावं लागेल. कोरोना संपला तेव्हा तुम्ही घरी बसायचं ठरवलं होतं, की काहीच ठरवलं नव्हतं?

वाटसरू_मनीषनगर

काहीच ठरवलं नव्हतं. तसंच चालू राहिलं.

आशीर्वादित_कुटुंब

प्रेज द लॉर्ड भाऊ! उपासात सामर्थ्य आहे. आम्ही नवराबायकोने २१ दिवसांचा उपास धरला आणि महिन्याच्या आत यजमानांना प्रमोशन मिळालं. विश्वासाने करा, देव दारं उघडतो. घरी बसून दारं उघडत नाहीत.

गड्डीगोदामचा_राजा

ताई, मग आम्ही ४० दिवस धरला तर मॅनेजरच करतील का?

लूकवाचक

ताई, तुमच्या आनंदात आनंद आहे. पण लूक १८ मधला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, आठवड्यातून दोनदा उपास करत होता आणि मंदिरात उभं राहून देवाला त्याचा हिशोब देत होता. नीतिमान ठरून घरी गेला तो छाती बडवणारा जकातदार. उपास लावून देवाकडून काही वसूल करायचं म्हटलं की आपण त्या परूश्याच्या शेजारी जाऊन उभे राहतो.

आशीर्वादित_कुटुंब

मी साक्ष दिली, हिशोब नाही दिला. तुम्ही लोक प्रत्येक साक्षीत खोट काढता.

सेमिनरी_हिल्स_पायी

मी कॅथलिक आहे. आमच्याकडे याचे नियमच आहेत, त्यामुळे निदान गोंधळ कमी. भस्म बुधवार (राखेचा बुधवार) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोन दिवस सक्तीचे उपासाचे. एक पोटभर जेवण आणि दोन छोटी खाणी, ती दोन्ही मिळून एका पूर्ण जेवणाएवढी व्हायला नकोत. वय १८ पूर्ण झाल्यापासून ६० वं लागेपर्यंत हे लागू. मांस वर्ज्य करायचं बंधन १४ पूर्ण झाल्यापासून. आजाऱ्यांना सूट. बाहेरून पाहणाऱ्याला आमचा उपास फार कडक वाटतो, प्रत्यक्षात तो एवढाच आहे. बाकीचं ज्याने त्याने ठरवायचं.

आपल्या सदरमधलं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे, त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांचं इथे सांगावंसं वाटतं. (नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा. त्यांच्या नावाच्या संघाचे मिशनरी फ्रान्समधल्या अ‍ॅनसीहून इकडे आले, म्हणून हे नाव.) ते जिनिव्हाचे बिशप, पण प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या शहरात त्यांना बसताच आलं नाही, ते अ‍ॅनसीत राहत. शिक्षण वकिलीचं. १६०९ मध्ये त्यांनी खास संसारी माणसांसाठी पुस्तक लिहिलं. बिशपने मठातल्या एकांतवाशासारखं राहायचं ठरवलं, संसारी माणसाने संन्याशासारखं काहीच कमवायचं नाही म्हटलं, कारागीर दिवसभर देवळात बसून राहिला, तर ती भक्ती हास्यास्पद होईल, असं ते म्हणतात. ज्याचा जो व्यवसाय, जी घरची जबाबदारी, तिला धरूनच भक्ती.

खाण्याबद्दल तर त्यांचं म्हणणं मला फार आवडतं. मुद्दाम वाईटातलं वाईट निवडून खाण्यापेक्षा, पुढे वाढलेलं न कुरकुरता, निवड न करता खाणं ही मोठी साधना. वाईट निवडलं तरी निवड आपलीच राहते. पानात आलेलं खायचं म्हटलं की आपली आवड आणि आपला हट्ट दोन्ही सोडावे लागतात.

हे वाचलं तेव्हापासून मी घरी "आज भाजी काय?" हा प्रश्न बंद केला. हसू नका. शुक्रवारी मांस सोडण्यापेक्षा हे अवघड आहे. विशेषतः दोडका असतो तेव्हा.

गड्डीगोदामचा_राजा

दोडका खाणे हाच वधस्तंभ. आमेन.

रात्रपाळी_सिस्टर

मीही नर्स आहे, म्हणून धागाकर्त्यांच्या घरचं चित्र लगेच डोळ्यांपुढे आलं. थोडं तिखट लिहिणार आहे, दादा, राग मानू नका.

तुम्ही बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेला जाणार. चांगलं आहे. त्या वेळी पोरगी कोणाकडे? बायको नाइटला निघायच्या आधी दोन तास पडते, ती झोप कोणाची जाणार? तुम्ही उपास धरणार. संध्याकाळी सोडताना गरम भाकर कोण टाकणार? आमच्या मंडळीत लेंट सुरू झाला की पुरुष मंडळी गंभीर चेहऱ्याने फिरतात आणि बाया दोनदा स्वयंपाक करतात, एकदा पोरांसाठी आणि एकदा "ह्यांचा उपास सुटतो" त्यासाठी. एका भाऊंनी तर ४० दिवस मांसाहार सोडला आणि त्यांच्यासाठी रोज वेगळी भाजी करता करता वहिनी थकल्या. साक्ष मात्र भाऊंनी दिली.

यशया ५८ सगळे वाचतात, उपाशी माणसाला आपली भाकर वाटून दे, तो भाग. त्याच्या आधीची तिसरी ओवी वाचा. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला तरी तू बघत का नाहीस? देव म्हणतो, उपासाच्या दिवशी तुम्ही आपला कार्यभाग साधता आणि आपल्या मजुरांकडून राबवून घेता. देवाची तक्रार उपासावर नाहीच. उपास मालकाचा आणि घाम मजुराचा, ही त्याची तक्रार आहे.

माझ्यापुरती कसोटी मी तीच ठेवली आहे. मी जे सोडते ते माझ्या वाट्याचं आहे की दुसऱ्याच्या? माझा मोबाइल, माझी सिरियल, माझं शॉपिंग मी सोडू शकते. माझ्या सासूबाईंची झोप सोडायचा मला अधिकार नाही.

आणि एक. तुम्ही आईचा उल्लेख केला. डायबेटिस असेल आणि इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर उपाशी राहून साखर एकदम उतरते. घाम, थरथर, बरळणं, आणि मग आमच्याकडे कॅज्युअल्टी. म्हातारी माणसं मुलगा उपास धरतो म्हटलं की गुपचूप तीही धरतात. डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

वाटसरू_मनीषनगर

सिस्टर, आईला डायबेटिस आहेच, आणि "मीपण धरते" असं ती म्हणालीही होती. आज तिला स्पष्ट सांगितलं.

तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, या बाईंना एकदा घरी चहाला बोलाव.

सदरकाकू

सिस्टर खरं बोलली. आमच्या सासऱ्यांच्या पहाटेच्या प्रार्थनेचं गावभर नाव होतं. चुलीवर पाणी तापवायला त्यांच्या आधी कोण उठत होतं ते कोणी विचारलं नाही.

जुनं_नागपूर

या धाग्याला नागपूरची दोन माणसं आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिले स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी, १८४५ मध्ये नागपुरात आले, तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. मराठी शिकले, शाळा काढली, गोंड लोकांच्या भाषा-चालीरीतींची टिपणं केली. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी त्यांचं नाव दिलं गेलं. प्रवचनांत त्यांचं उदाहरण "सर्व सुख सोडून आलेला माणूस" असं देतात. अर्धंच खरं आहे ते. या माणसाला दगडांचं वेड होतं. नागपूरच्या आसपासचे जीवाश्म गोळा करायला तो आनंदाने उन्हातान्हात फिरायचा, एका खनिजाला त्याच्या नावावरून हिस्लॉपाइट म्हणतात. म्हणजे कठीण आयुष्य निवडलेल्या माणसाने आपली हौस काही मारली नव्हती. शिस्तीचा माणूस म्हणजे सुतकी माणूस, ही समजूत कुठून आली कोण जाणे.

दुसरे कवी ना. वा. टिळक. नागपुरात राहिलेले. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला, आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरलं. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जात, नातेवाईक, मान, सगळं गेलं. पण सिस्टरच्या कसोटीवर घासून पाहा. लक्ष्मीबाईंनी काहीच निवडलं नव्हतं. नवऱ्याच्या निर्णयाने त्यांचा संसार मोडला, लहान मुलाला घेऊन पुढची काही वर्षं त्यांनी दुराव्यात काढली. १९०० मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, आणि ते मात्र त्यांच्या विचाराने, नवऱ्यामागे फरफटत नाही. टिळक मोठे होते यात शंका नाही. त्यांची गीतं मी रडत म्हणतो. तरीही त्यागाचं बिल दोन नावांवर फाटलं होतं, हे मराठी ख्रिस्ती माणसाने विसरू नये.

लूकवाचक

इथे मला थोडं थांबवावंसं वाटतं. सिस्टरची कसोटी चांगली आहे, पण ती शेवटपर्यंत ताणली तर कोणीच कधी काही करणार नाही. शिष्यांनी जाळी सोडली तेव्हा त्यांतल्या दोघांच्या बापाचं, जब्दीचं, काय झालं? मार्कात लिहिलंय, तो मजुरांबरोबर होडीत राहिला. घरच्यांना झळ लागू न देता येशूच्या मागे जायचं, असं आश्वासन शुभवर्तमानात कुठे आहे?

रात्रपाळी_सिस्टर

नाही, आश्वासन नाही. पण मार्क ७ मध्ये कुर्बानही आहे. आईबापाला द्यायचं ते "देवाला वाहिलंय" म्हणून अडवून धरणाऱ्यांना येशूने सोडलं नाही. टिळकांना बोलावणं आलं होतं. बुधवारच्या प्रार्थनेला जाणारा प्रत्येक जण टिळक नसतो. आणि धागाकर्ते काही जाळी सोडून नाही चालले, मनीषनगरहून सदरला चाललेत.

जुनं_नागपूर

हा षटकार होता.

मेकोसाबागचा_स्पष्टवक्ता

बऱ्याच वेळापासून वाचून राहिलो. सगळे प्रतिसाद ज्यांच्या घरी एसी आहे त्यांचे वाटले.

माझे वडील मालधक्क्यावर माल उतरवायचे. रविवारी सकाळी ते झोपून असले की मंडळीतले वडीलजन घरी येऊन टोमणा मारायचे, "सैतान उठू देत नाही का?" आईला ते फार लागायचं. आता मी मोठा झालो, बायबल स्वतः वाचलं, तर निर्गम २० मध्ये शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, कोणासाठी आहे? दासासाठी, दासीसाठी, गुराढोरांसाठीसुद्धा. मिसरात विटा पाडणाऱ्या लोकांना दिलेली आज्ञा आहे ती. ज्याला आराम मिळतच नाही त्याला आराम हीच आज्ञा.

आणि १ राजे १९ काढा. संदेष्टा एलीया मरून जावंसं वाटतं म्हणून झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूत त्याला म्हणत नाही की ऊठ, प्रार्थना कर. ऊठ, खा, म्हणतो. दोनदा खाऊ घालतो, मधे झोपू देतो, मग पुढचा चाळीस दिवसांचा रस्ता. त्या रस्त्याचं सगळे सांगतात, भाकरीचं कोणी सांगत नाही.

सोय सोडा हे प्रवचन सिव्हिल लाइन्समध्ये द्या. आमच्या गल्लीत देऊ नका. एप्रिल लागला की चाळिशीपार ऊन असते, एका कूलरमध्ये पाच जण झोपतात. काय सोडायचं?

सेमिनरी_हिल्स_पायी

स्पष्टवक्ता, तुमच्या वडिलांना टोमणे मारणारे चुकलेच.

यावर एक जुनी व्यवस्था सांगतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिला. मठ म्हटल्यावर आपल्याला वाटतं चाबूक आणि कोरडी भाकर. प्रत्यक्षात त्यात रोज थोडी द्राक्षारसाची परवानगी आहे, म्हातारे आणि मुलं यांना जेवणाच्या वेळेत सवलत आहे, आजाऱ्याची सेवा सगळ्यांच्या आधी. लेंटसाठी वेगळं प्रकरण आहे. प्रत्येकाने आपल्या मनाने, आनंदाने काहीतरी जास्तीचं द्यावं, थोडं कमी खाणं, पिणं, झोप, बडबड. पण काय करणार ते आधी मठाधिपतीला सांगायचं आणि त्याच्या संमतीनेच करायचं. न विचारता केलं तर ते पुण्यात न धरता गर्वात धरलं जाईल, असं तिथे लिहिलंय.

आता संसारी माणसाला मठाधिपती कुठून आणायचा? मला वाटतं ज्याच्याबरोबर स्वयंपाकघर वाटून घेतो त्यालाच विचारावं. नवऱ्याने बायकोला, बायकोने नवऱ्याला, गरज पडली तर सासूला. "मी हे सोडायचं म्हणतो, तुला जड जाईल का?" एवढा एक प्रश्न विचारला तर सिस्टरने सांगितलेले निम्मे उपास जागीच रद्द होतील.

रात्रपाळी_सिस्टर

निम्मे नाही, पाऊण.

इंदोऱ्याचा_वाचक

मी बौद्ध आहे, इथे फक्त वाचायला येतो. विषय ओळखीचा वाटला म्हणून लिहितो. आमच्याकडे वर्षावासाचे तीन महिने असतात, उपोसथाला, म्हणजे पौर्णिमेसारख्या व्रताच्या दिवशी, काही उपासक अष्टशील (आठ नियम) पाळतात, दुपारनंतर जेवत नाहीत. तिथेही हाच घोळ. कोणी पाळलं की फोटो आधी ग्रुपवर येतो. तुमच्यात याला काही मनाई आहे का?

लूकवाचक

आहे, आणि अगदी स्पष्ट. मत्तय ६:१६-१८. उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना कळू देऊ नको. गंमत अशी की हाच उतारा आमच्या अनेक चर्चमध्ये राखेच्या बुधवारी वाचतात आणि लगेच कपाळावर राख लावून बाहेर पडतात. मला ते पटत नाही, पण परंपरा आहे.

सेमिनरी_हिल्स_पायी

राख फुशारकीसाठी नसते, मरणाची आठवण म्हणून असते. यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

आशीर्वादित_कुटुंब

मी फोटो टाकलेला नाही. पण मला एक विचारायचं आहे. उपासाने वाचलेल्या पैशांचं काय करावं? आम्ही विचार केला नव्हता.

लूकवाचक

चांगला प्रश्न. दुसऱ्या शतकात रोममध्ये हर्मास नावाच्या ख्रिस्ती माणसाचं लेखन आहे, त्यात नेमकं हेच येतं. उपासाच्या दिवशी भाकर आणि पाण्याशिवाय काही घेऊ नको, त्या दिवशी जे खाल्लं असतं त्याची किंमत काढ आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजूला दे. उपासाचा हिशोब कुठे लावायचा तर तो इथे. माझ्या आधीच्या प्रतिसादाचा सूर जरा कडक होता, पण मुद्दा हाच होता.

मिझोराममध्ये प्रेस्बिटेरियन बायकांनी १९१० पासून सुरू केलेली पद्धतही पाहण्यासारखी आहे. प्रत्येक वेळी भात रांधताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचे आणि ते चर्चला द्यायचे. त्यातून सुवार्ताकार्याचा मोठा खर्च निघतो. गरीब घरालाही जमतं, रोज जमतं आणि कोणी उपाशी राहत नाही. स्पष्टवक्त्यांच्या प्रश्नाचं हे एक उत्तर होऊ शकेल.

मेकोसाबागचा_स्पष्टवक्ता

मूठ चालेल. आमच्या आईने आयुष्यभर तेच केलं, शेजारणीच्या पोरांसाठी. फक्त त्याला साधना म्हणतात हे तिला कोणी सांगितलं नाही.

जुनं_नागपूर

थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच. आपण एकट्याच्या सोयीबद्दल बोलतो आहोत. अख्ख्या मंडळीलाही आपली सोय सोडावी लागते. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, सहा परंपरा एकत्र आल्या. अँग्लिकनांना बिशपची सवय, बॅप्टिस्टांना मंडळीच्या स्वातंत्र्याची. एकांकडे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा, दुसऱ्यांकडे कळत्या वयात पाण्यात बुडवून. दोन्हींना जागा ठेवायची असं ठरलं. ज्या रीतीत आपण वाढलो तिच्या शेजारी दुसऱ्याची रीत रोज पाहत बसायची, यापेक्षा एक वेळचं जेवण सोडणं सोपं. आजही कोणाच्या तोंडून "आमच्या वेळची उपासना" असं निघालं की मला ते सोफ्यावरच्या उपासनेचंच दुसरं रूप वाटतं. बाकावर बसूनही माणूस आपल्या सोयीत बसलेला असू शकतो.

सदरकाकू

हे मला लागलं बरं का. गिटारवाल्या पोरांना मीच नाक मुरडते.

वाटसरू_मनीषनगर

इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. मध्ये रविवार येऊन गेला, त्यामुळे आता सांगण्यासारखं काही आहे.

सेमिनरी हिल्सवाल्यांनी सुचवलं तसं बायकोला विचारलं. ती म्हणाली, तुझं चर्चला जाणं मला जड नाही, तू पोरीला माझ्यावर सोडून जाणं जड आहे. रविवारी सकाळी तिची नाइट उतरते. मी आई आणि पोरीला घेऊन गेलो तर तिला शांत घर मिळतं. एवढी सरळ गोष्ट, आणि घरी बसून "एकत्र सकाळ" म्हणत आम्ही तिला जागं ठेवत होतो.

उज्ज्वलनगरहून मेट्रोने कस्तुरचंद पार्क, पुढे रिक्षा. आईला कितीतरी दिवसांनी तिच्या मैत्रिणी भेटल्या. उपासनेत माझं लक्ष घरच्यापेक्षा कमी होतं, हेही सांगतो. पोरगी बाकाखाली शिरत होती.

उपास शुक्रवारी, तोही ऑफिसात. दुपारचं कॅन्टीन बंद, ते पैसे पाकिटात. घरी कोणाला काही वेगळं करावं लागत नाही. आणि रविवारी लवकर उठायचं म्हणजे शनिवारी रात्री मित्रांबरोबर दीड-दोनपर्यंत मॅच बघत बसणं बंद. खरं सांगायचं तर सर्वांत जास्त जड हेच जातंय.

बुधवार मात्र नाही जमणार. ती झोप बायकोची आहे.

लूकवाचक

विचार करून ठरवलंत, चांगलं आहे. पण एक बोलतो. काकूंना तुमची गरज होती ती बुधवारी. रविवारी सदरला आवाजांची कमी नाही. तुम्ही तुमच्या घराला परवडेल ते निवडलं, जिथे गरज होती ते नाही.

वाटसरू_मनीषनगर

मान्य. तरी बुधवार नाहीच.

रात्रपाळी_सिस्टर

लूकवाचक, तुम्ही स्वतः कुठे राहता? सदरजवळ असाल तर बुधवारी जा ना.

लूकवाचक

धरमपेठ. ऑफिस सहाला सुटतं.

सदरकाकू

प्रार्थना साडेसहाला असते. मागचं दार उघडं ठेवतो. गीताचं पुस्तक आणा, आमच्याकडची पानं सुटली आहेत.